साटंलोटं

ओरिनबाय म्हातारा दर महिन्याला येतो
मुरंब्याच्या बरणीत विहिरीचं पाणी घेऊन.
झाकणावर अजून जर्दाळूचं चित्र आहे.
टोपी काढतो, बरणी हळूच टेकवतो,
आत कुणाचं लेकरू निजलंय जणू.

मी पिवळ्या क्रोमेटचे चार थेंब टाकते,
मग वरच्या नळीतून चांदी सोडते, थेंब थेंब.
नळीतलं नितळ, विहिरीचंही नितळच होतं,
आणि गाठ पडली की
नासल्या दुधासारखं पांढरं फुटतं.

नुकुसहून शिकायला आलेल्या पोरीला म्हटलं,
हे साटंलोटं आहे बघ.
चांदी नायट्रेटचं घर सोडते,
सोडियम क्लोराइडचं.
ह्या घरची त्या घरात, त्या घरची ह्या.
एक जोडपं हात घट्ट धरून तळाला बसतं,
वर येत नाही पुन्हा.
"आणि दुसरं?"
दुसरं असतं पाण्यातच कुठेतरी.
त्याला रजिस्टरात रकाना नाही.

माझा भाऊ जालगास आक्ताउला पाइप जोडतो,
दुसऱ्याच एका समुद्राकाठी.
त्याच्या जागी दर महिन्याला पैसे येतात.
हिशोब जुळतो, दोन्हीकडचा.

लाल झळकलं. हलवलं. गेलं.
परत झळकलं, परत गेलं.
विटकरी रंग ठरला तेव्हा नळीवर साडेबारा.
मागच्या महिन्यात अकरा होते.

"गोड झालं का थोडं?"
हे तो अजून अशा आवाजात विचारतो
की मागे बंदर असावं, भोंगा वाजत असावा.
मी आकडा सांगते. तो बोटांवर मोजत बसतो,
काय मोजतो कुणास ठाऊक.

चांदी महाग, म्हणून साका फेकत नाही आम्ही.
कपाटाखाली, उजेड लागू नये म्हणून,
तपकिरी बाटलीत तीन हिवाळ्यांचा गाळ आहे.
"ह्यात माझा कुठला?"
सगळ्या विहिरी एकत्रच, आजोबा.
बूच काढून त्यानं वास घेतला.
"मासळीचा येत नाही," म्हणाला,
तक्रार असल्यासारखं.

मग माझी बोटं पाहिली, चांदीनं काळी पडलेली,
साबणानं न जाणारी.
"तुझा बाप कारखान्यातून यायचा ना,
त्याच्या बोटांना खवले असायचे.
दिव्याखाली चमकायचे."

मी बरणी विसळून दिली,
नळाच्याच पाण्यानं,
दुसरं कुठलं आणू.