दाभोळचा ळ

रुवीत, कार्गो ऑफिसच्या मागच्या खोलीत
एसीच्या थेंबांखाली बादली, बादलीशेजारी सर्व्हर,
सर्व्हरशेजारी मी.
काउंटरवर मुकादमचाचा खोक्यावरचं लेबल दाखवतात:
"हा आमचा गाव नाय, बाय."

खरंच नव्हता.
à¤¦à¤¾ अशी काहीतरी रांग,
डोक्यावर तिरकी काडी, शेजारी चार पायांचं किडूक,
आणि भ-चा तिसरा तुकडा तर दिसतच नव्हता.

पत्ता लिंकमधून येतो. लिंकला देवनागरी चालत नाही,
म्हणून वाटेपुरते एकेका चिन्हाचे तीन तुकडे,
प्रत्येक तुकड्यापुढे टक्का.
%E0%A4%B3
एवढा एक ळ.
(टक्का म्हटलं की इथे माणसाला आधी एजंट आठवतो.)

तुकडे नीट पोचले होते, पंधराच्या पंधरा.
चूक उघडणाऱ्याची.
नवखा हमाल सुट्या केलेल्या पलंगाचा
एकेक पाय एकेक पलंग म्हणून मोजतो,
तसं जुन्या प्रोग्रॅमने केलं.

खलफान म्हणाला, अरबीचंही हेच,
जिकडेतिकडे नुसता जाड त आणि जाड झ.
बँकेने त्याला तसलं पत्र पाठवलं होतं एकदा,
त्याने ते फ्रेम करून लावलंय.

मी एक ओळ लिहिली: यूटीएफ-आठ समजून वाच.
आणि एकदाच उघड. दोनदा उघडलंस
तर "१००% सुती" लिहिणाऱ्याची चादर फाटेल.

जुन्या नोंदी उलट्या वाचून सुलट्या केल्या.
गुहागर परत आलं, मंडणगड, हर्णै.
पण कुठे कुठे कुणीतरी, कधीतरी
न कळलेल्या अक्षरावर प्रश्नचिन्ह ठेवून पुढे गेलेलं.
ते उलटं वाचलं तरी प्रश्नचिन्हच.
पार्सल घेणारीचं नाव: ?????
विचारावं लागलं.

"हाजरा. बहीण माझी."
अक्षरं तीन, चिन्हं पाच.
मशीन काना वेगळा मोजतं.

तोवर चाचांनी मार्कर मागून घेतला होता.
मराठी शाळा, चौथीपर्यंत.
लेबलावरच, टेपवरून, दाभोळ.
ळ-ची दोन्ही वेटोळी सावकाश.

खोकं त्याच दिवशी गेलं.
माझी ओळ चालू झाली अकरा दिवसांनी,
दुबईहून मंजुरी आल्यावर.