मागची बाजू

एहिओसा आला तेव्हा मी नळ वितळवत होते.
फतेहगंजच्या भंगारातले, तोट्या झिजलेले,
एक फुटकी घंटा, दोन कुलपं, कुणाच्या तरी दाराचा कोयंडा.
कॉलेजच्या भट्टीवर मी रोजंदार.
आडनाव ओतारी, हातही ओताऱ्याचेच.
तो मला ताई म्हणायला बघतो, टाई होतं.

लंडनचा व्हिसा दोनदा नाकारला, म्हणाला,
बडोद्याचा महिन्याभरात मिळाला.
लंडनला कशाला जायचं होतं?
तर आजीला भेटायला.

मग फोनवर आजी दाखवली.
पितळेची. हनुवटीपर्यंत पोवळ्यांच्या माळा,
डोक्यावर पुढे झुकलेली टोकदार टोपी.
काचेत. खाली एक नंबर.
राजाच्या आईचं हे मस्तक
त्याच्या गल्लीतल्या कुणीतरी ओतलेलं.
ती गल्लीच ओताऱ्यांची.

मी फोटो बोटांनी मोठा केला.
कानाजवळ किंचित उंचवटा.
इथून मेण बाहेर गेलं, मी म्हटलं,
इथे नळी कापून कानस मारलीय, घाईत.
तो माझ्याकडे बघतच राहिला.
इतक्या वर्षांत त्या फोटोतली घाई
कुणी पाहिली नव्हती.

तुमच्याकडे पितळ यायचं कुठून?
जहाजातून. कड्यांच्या रूपात.
इतकी कडी, एक माणूस.
विकणाऱ्यांत आमचे राजेही होते,
हे त्याने मी न विचारताच सांगितलं
आणि माझ्या मुशीत डोकावला.
मी वरची मळी काढत होते. काढतच राहिले.

सत्त्याण्णव साली सोजीर आले, म्हणाला.
राजवाडा जळला, राजाला दूर नेऊन ठेवलं,
पितळी पत्रे, मस्तकं, हस्तिदंत पेट्यांत भरलं,
आणि स्वारीचा खर्च निघावा म्हणून विकलं.

सत्त्याण्णव?
आमच्या देव्हाऱ्यात पणजोबांची समई आहे,
बुडाला तेच साल कोरलेलं.
राणीच्या राज्याची साठ वर्षं भरली म्हणून
मांडवीत लावायला तीनशे ओतल्या, त्यातली ही उरलेली.
तीच राणी.
रात्री जागून पुऱ्या केल्या, असं बाबा
छाती फुगवून सांगायचे.
मी रोज तिला चिंच लावून घासते.

आमच्याही एका राजाला साहेबाने गादीवरून उतरवलं होतं.
पुढच्यांना मात्र एकवीस तोफांची सलामी,
मोजून.
तुमच्या राजाला नुसत्याच तोफा.
मी हे गमतीत म्हणाले. तोही हसला.
मग ते हसू कुठे ठेवावं, दोघांनाही कळेना.

संध्याकाळी काळाघोड्याच्या पुलावरून त्याला मगर दाखवली.
विश्वामित्रीच्या काठाला, चिखलाच्याच रंगाची, जबडा उघडा.
कठड्यावर ओणवून तो तिच्याशी
त्याच्या भाषेत काहीतरी बोलला.
ही आमच्या पत्र्यांवर असते, म्हणाला,
जिवंत आजच पाहिली.

आता तो आजी घडवतोय, मेणाची.
चेहरा झाला. माळाही झाल्या,
शेवया वळाव्यात तसं मेण वळून वळून.
अडलाय मागे.
घरच्या कॅलेंडरात ती समोरून होती,
फोनवरही समोरून.
टोपी संपते तिथे मानेवर काय आहे,
ते पहायला तिकडेच जावं लागतं.

अंदाजाने कर, मी म्हटलं.
अंदाज नको. कुणाची तरी मान हवी.

मी हात पुसले,
अंबाडा सोडून पुन्हा बांधला,
आणि स्टुलावर बसले, त्याच्याकडे पाठ,
भट्टीकडे तोंड.
हलू नका, टाई.

मागे मेणावर अंगठ्याचा आवाज येत होता.
पुढे मुशीवर हिरवी ज्वाळा धरली होती,
ओतायची वेळ टळत चालली होती.
मी हलले नाही.