भरल्या बाटल्या

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात
कोराडीकडून येणारी राख
खिडकीच्या कठड्यावर
बोटानं नाव लिहिण्याइतकी जमते.
सातवी ब-च्या मुली लिहितातही.
मी पुसते. त्या पुन्हा लिहितात.

त्याच आठवड्यात पत्र आलं :
हरित शाळा, तपासणी, गुण शंभरपैकी.
कुंड्यांना गुण, घोषवाक्यांना गुण,
गांडूळखताच्या खड्ड्याला दहा.
ढोबळे सरांनी जरीपटक्याच्या नर्सरीत
साठ कुंड्या सांगितल्या, भाड्यानं,
दोन दिवसांसाठी.

माझ्या वाट्याला पाणी आलं.
म्हणजे ‘जलव्यवस्थापन’ या रकान्यात
भरायचे आकडे.
मी विज्ञानाची, मोजल्याशिवाय लिहवत नाही.
म्हणून पोषण आहाराचा काटा उचलून आणला
आणि सकाळी सातला फाटकाशी बसले.
एकेकाची बाटली तोलली,
येताना, आणि दुपारी जाताना.

पोरांच्या रिकाम्या. दोघांच्या हरवलेल्या.
पोरींच्या मात्र जशा आल्या तशाच चालल्या.
सेजल उईके :
येताना नऊशे साठ ग्रॅम,
जाताना नऊशे चाळीस.
वीस ग्रॅम.
तोंड ओलं करण्यापुरतं.
बाहेर त्रेचाळीस अंश,
वर्गावर पत्रा,
आणि पाचव्या तासाला रोज
कुणाचं तरी डोकं दुखतं,
मी त्याला ‘अभ्यासाचा कंटाळा’ म्हणत आले.

विचारलं तिला, काहून गं, पाणी काहून पीत नाहीस?
राखेवर बोट फिरवत ती म्हणाली,
“पानी पेलं का मंग जा लागते नं, मॅडम.”

जा लागते.
कुठे, ते तिनं सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
बारा वर्षं झाली,
स्टाफच्या संडासाची किल्ली
माझ्या पर्समध्ये वाजते आहे.

त्या दिवशी मुलींच्या बाजूला गेले.
चार दारं.
एकाला कडी नाही,
दुसऱ्याला दारच नाही,
तिसऱ्यात नळ आहे, पाणी नाही.
चौथ्यात मोडकी बाकं रचलेली,
त्यांच्यावर गेल्या वर्षीच्या प्रभातफेरीचे फलक :
झाडे लावा, झाडे जगवा.

ढोबळे सर म्हणाले, यासाठी वेगळं हेड लागतं.
फकिराजी शिपाई म्हणाले,
“पंचेचाळीसची कडी हाय मॅडम,
कोनाले सांगत बसता?”
इतवारीतून चार कड्या आणल्या त्यांनी,
बिजागऱ्या आणल्या, आणि नळीचं एक भेंडोळं.
स्टाफरूममधलं पाणी शुद्ध करायचं मशीन
जितकं गाळतं त्याच्या दुप्पट फेकतं,
दिवसभर, सरळ गटारात,
आणि आम्ही वर्षानुवर्षं
त्या आवाजात पेपर तपासत होतो.
ते पाणी फकिराजींनी मुलींच्या टाकीत वळवलं.
उरलेल्या चुन्यानं पत्राही पांढरा केला.
एका रविवारी. बिल दिलं नाही.

तपासणीला साहेब आले.
कुंड्यांसमोर फोटो काढला.
मी म्हटलं, एक कडी बघता का?
त्यांनी कागद वरखाली केला.
कडीला रकाना नव्हता.
चौसष्ट गुण मिळाले.
कुंड्या संध्याकाळच्या टेम्पोनं परत गेल्या,
एक राहिली, तिचा हिशेब अजून चालू आहे.

बाटल्या मी आताही तोलते.
सगळ्या हलक्या झाल्या असं नाही.
बारा वर्षांची सवय
पंचेचाळीस रुपयांत जात नाही,
त्यांचीही, माझीही.
पण सेजलची बाटली काल
तीनशे दहा ग्रॅम भरली.

आणि काल मी किल्ली न काढता
त्याच रांगेत उभी राहिले.
“मॅडम, तुमी पयले जा.”
नाही म्हटलं, रांग आहे.
तरी दोघीतिघी बाजूला झाल्याच.
आत जाऊन कडी लावली.
नवी आहे, घट्ट बसते.
दाराखालच्या फटीतून
बाहेर दोन चपला दिसल्या, न हलणाऱ्या.
कडी लावलेलं दार
सेजल बाहेरून
दोन्ही हातांनी धरून उभी होती.