चारी

सोमवार. संग्रहालयाला कुलूप.
तू नकाशा उलटा धरलास
आणि मी, कधी नव्हे ते, गप्प राहिले.

तिबिलिसीच्या चढावर, कुणाच्यातरी अंगणात
दोन म्हातारे फाशांवर वाकलेले.
"पंजी, चारी!" नोदार ओरडला.
"चार?" तू चार बोटं दाखवलीस.
"चारी!" म्हणत त्यानं स्टूल सरकवलं.

मग दिवसभर पुरली तेवढीच भाषा.
तू हरत राहिलास,
त्सियाला तुतीची फांदी वाकवत राहिली,
माझी बोटं तिच्याइतकीच जांभळी.

लग्नाला किती वर्षं?
भुवयांनीच विचारलं तिनं.
मी तुमचा डाव मोडला,
सोंगट्या मांडत गेले ओळीनं,
पांढऱ्या, काळ्या,
पटावरच्या तीसही संपल्या
तेव्हा शेवटी एक तुती ठेवली.

नोदारनं ती उचलली, तोंडात टाकली.
सगळे हसले. पाव आला, चीज आलं,
शेजारची कुणी पोराला कडेवर घेऊन बघायला आली.

ते एक वर्ष कुठलं
तुला ठाऊक होतं, मलाही.
तू माझ्याकडे पाहिलं नाहीस,
फासे मुठीत घोळवत राहिलास
बराच वेळ.