निव्वळ

सावद्याच्या रस्त्याला, आमच्या वजनकाट्यावर
ती दोरखंडाने बांधून आली.
पुढे केळीचा रिकामा आयशर, मागे ती,
पिवळी, म्हणजे एकेकाळी पिवळी;
भुसावळच्या एका डॉक्टरांच्या कडुनिंबाखाली
सहा वर्षं उभी राहून
जुन्या हळकुंडाच्या रंगावर गेलेली.

सवयीने पावती काढली.
वाहन: ऑक्टाव्हिया आरएस.
माल: काय लिहावं सुचेना, रकाना सोडला.
वजन: तेराशे पासष्ट.

दादा म्हणाला, एवढ्यात जुना ट्रॅक्टर आला असता.
आला असता.
ट्रॅक्टर मी रोज चाळीस मोजते.
पण कॉलेजात असताना एकदा, रेल्वेचं फाटक उघडलं
आणि अशीच एक माझ्या स्कूटीसमोरून गेली.
गाडी आधी गेली, आवाज नंतर आला.
तो आवाज इतकी वर्षं
माझ्या वहीत येणे बाकी होता.

सुभान तडवीने बॉनेट उघडलं,
बराच वेळ बोललाच नाही.
मग म्हणाला, ‘उंदरांनी इथं लगीन लावेल आहे, ताई.’
वायरी कुरतडलेल्या, वर पालापाचोळ्याचा मांडव.
खाली सम्प खोलला तर तेल कसलं,
काकवी, तीही थंडीत गोठलेली.
पंपाचं प्लास्टिकचं पातं
बिबड्यासारखं हातात चुरलं.

मे महिन्यात दुपारी पाना उचलला तर बोटांना चटका,
म्हणून काम रात्री,
केळीच्या गाड्या झोपल्यावर,
काट्याच्या हॅलोजनखाली, किडे उडवत.
पुण्याहून एसटीच्या पार्सलने चार कॉइल आल्या, एक चुकीची.
ती परत गेली. दुसरी आली, तीही चुकीची.
मी बोल्टवर जोर काढायची.
‘मोजून लाव,’ सुभान म्हणायचा,
‘ताकद त सगळ्यांजवळ राहते.’
टॉर्क रेंच कट् करतो तिथे थांबायचं.
आयुष्यभर वजनं मोजणारीला
हे शिकायला एक पावसाळा लागला.

छताचं लोंबलेलं कापड काढलं तेव्हा
चांदवडच्या टोलची पावती पडली,
नऊ सालातली, रात्री दोन वाजून दहा मिनिटं.
कोण कुठे निघालं होतं इतक्या रात्री?
डॉक्टरांना फोन लावला,
रिंग जायच्या आत कट केला.

सतरा महिन्यांनी चावी फिरली.
सुभानने डोळे मिटले, बोटाने हवेत मोजलं,
एक, दोन, तीन,
आणि चौथं सिलिंडर जरा मागून,
अंतरपाट धरल्यावर मामा धावत येतो तसं.

मी तिला पुन्हा काट्यावर घेतली.
तेराशे पासष्ट.
जुनं वजन, नवं वजन,
कॉम्प्युटरने वजाबाकी केली आणि छापलं:
निव्वळ – शून्य.
सुभान पोट धरून हसला.
आमच्या काट्याला पाच किलोच्या आतलं दिसत नाही.
सील, नळ्या, नख्याएवढ्या क्लिपा,
हॅलोजनखालच्या रात्री,
दादाचं न बोलणं,
सगळं पाच किलोच्या आत बसलं.

पहाटे चारला बऱ्हाणपूरच्या दिशेने.
दोन्हीकडे केळी, ठिबकच्या ओलीचा वास,
सातपुडा अजून नुसता काळा.
तिसऱ्या गिअरात पाय दाबला
आणि काहीच झालं नाही.
टर्बोचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
आधी एक श्वासभर रिकामं,
वाटतं, गेले पैसे, दादाचं खरं होतं,

मग
पाठ सीटला,
केळीच्या रांगांची एकच हिरवी भिंत,
आणि तो आवाज.
या वेळी नंतर नाही आला.
या वेळी मी त्याच्या आत बसले होते.

रावेरच्या अलीकडे वेग उतरवला.
ग्लोव्ह बॉक्समध्ये दोन पावत्या,
एक चांदवडची, एक शून्याची.
सुभान मांडीवर पाना घेऊन कान देऊन ऐकत होता.
म्हणाला,
‘चौथी कॉइल बदलावी लागीन, ताई.’