झाकणाच्या आतून

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात
नंदनवनला हेडाऊ बाईंकडे एसी बसवायला गेलो.
दीड टन, मुलानं हैदराबादहून पाठवलेला.
खोकं सोफ्यावर, पाहुण्यासारखं,
वरून बाईंची चादर.

खिडकीबाहेर कुलर.
लोखंडी, हिरव्यावर निळा, निळ्यावर राखाडी,
जिथं पोपडे गेले तिथं तिन्ही.
चार विटांवर उभा, त्यातली एक दुसऱ्याच भट्टीची.
"आधी हा काढा," बाई म्हणाल्या,
"पण सांभाळून जी.
यांनी दरसाल डांबर मारलं त्याले."

पंप सोडवला. ताट्या ओढल्या.
घास बोअरच्या क्षारानं इतका कडक
की बोटानं वाजवला तर टकटक व्हायचा.
टाकीच्या तळाशी गाळ, एक गोटी,
आणि जुना पाच पैशाचा शिक्का.
मग वरचं झाकण उलटं केलं, तर
आतून लिहिलेलं.

पांढरा ऑइलपेंट, बारीक ब्रश,
पोस्टात जन्म गेलेल्या माणसाचं अक्षर.

७ मार्च ८९. डांबर. घास नवा, इतवारीहून.
२ एप्रिल ९१. पंप जळाला.
११ मे ९३. बारापात्रे येतो म्हणाला. आला नाही.
१२ मे. आला नाही.
१३ मे. स्वतः केले. बोट कापले.
मार्च ९४. बेअरिंग. शॉक बसतो, अर्थिंग करणे.
२६ मे ९५. नवतपा. रात्री दोनला मोटर बंद.
बारापात्रे सायकलने आला.
मुलगा झाला म्हणाला. १० रु. जास्त दिले.

बारापात्रे म्हणजे माझा बाप.
मी पाना खाली ठेवला.
उन्हात पत्रा तापून राहिला होता, तरी
ती ओळ बोटानं चाचपली.
रंग जरा उंच लागला.

पुढं वर्षं विरळ होत गेलेली.
शेवटी तारीख नाही, फक्त
मोटर आवाज करते. पाहणे.

भिंतीला भोक पाडलं. विटांची लाल धूळ
बाईंच्या तुळशीवर बसली,
त्यांनी तांब्याभर पाण्यानं ती धुतली.
तांब्याचा पाइप वाकवला, व्हॅक्युमला लावला.
वीस मिनिटं लागतात त्याला, काहीच करायचं नसतं.
बाईंनी ताक दिलं. विचारलं,
"याच्यात पाणी नाही टाकावं लागत?"
"नाही."
"डांबर?"
"नाही. फक्त पंधरा दिवसांनी जाळी धुवायची."
त्यांनी वर पाहिलं. जाळी साडेसात फुटांवर.
"कोण?"

मी माझा नंबर लिहून दिला.
रिमोटवर चोवीसच्या बटणाला
लाल टिकली चिकटवून दिली.
पहिला गार झोत आला तेव्हा
बाई पदर सावरून मागं सरकल्या,
जसं कुणी मोठं माणूस खोलीत आलं.

भंगारवाला तीस रुपये किलो म्हणाला.
काटा अंगणातच लावला.
मी झाकण बाजूला घेतलं:
पावणेदोन किलो, साडेबावन्न रुपये,
माझ्या बिलातून कापून घ्या म्हटलं.
"काऊन जी? काय करता त्याचं?"
सांगता आलं नाही. गाडीला दोरीनं बांधलं.

घरी बाप ओट्यावर, पाय पसरून.
गुडघे गेले, डोळे बरे आहेत.
झाकण त्याच्यासमोर टेकवलं.
त्यानं हळूहळू वाचलं, ओठ हलवत.
मी वाट पाहत होतो
पंच्याण्णवच्या ओळीची.

तो त्र्याण्णववर अडला.
दोनदा वाचलं. मग चिडून म्हणाला,
"आलो होतो ना मी बाराले.
कुलूप होतं यायच्या दाराले."