सात नंबरचा फ्यूज

तीन रात्री एका जागी उभी राहिली
की चौथ्या सकाळी गाडी मुकी.
चावी फिरवली तर नुसतं टक्,
म्हातारीनं जीभ टाळूला लावून नाही म्हणावं तसं.
बॅटरी नवी. अल्टरनेटर बरा. पट्टा ताणलेला.
शेवटी पेट्रोल पंपापासून ढकलतच नेली तिला
आर्णी रोडवर, देवानंद मेश्रामच्या टिनाखाली,
मी, कुंदा, आणि केळीच्या गाडीवरचा एक हमाल,
जो ढकलता ढकलता विचारत होता,
"आतमंदी पलंग कायले हो बाप्पा?"

आधी ती ग्रामीण रुग्णालयाची होती.
समोरच्या पत्र्यावरची उलटी अक्षरं
मी दोन हात रंग देऊन झाकली;
दुपारच्या उन्हात ती अजून वर येतात.
छताला आतून बारदान, मग थर्माकोल, वरून चुना,
तरी मे महिन्यात चमचा हाताला चटका देतो.
पाण्याची टाकी उजवीकडे बसवली मी,
पलंग उजवीकडे, सिलिंडरही;
कुंदा म्हणते, आपला संसार एका कुशीवर झोपलाय.
देवानंद म्हणाला, टाकी मधात घ्या.
वहीत लिहिलं. वहीत अशा बावीस गोष्टी आहेत.

त्याला घाई नाही.
बॅटरीची काळी तार सोडली, मधे मीटर लावला,
सगळी दारं बंद केली, म्हणाला, "आता बोलू नोका,"
जसा बोलण्यानंही करंट जातो.
आकडा आला: शून्य पॉइंट ऐंशी.
"कोनीतरी जागं हाये आत."

एक फ्यूज काढायचा, आकडा पाहायचा, परत बसवायचा.
हॉर्न. वायपर.
पहिला संशय अर्थातच माझ्या वायरिंगवर:
पंखा, चार्जिंग, पाण्याची छोटी मोटर.
मी हात मागे बांधून उभा,
शाळेत खिसे तपासताना उभा राहायचो तसा.
निर्दोष निघालो, तरी घाम आला.
सातवा काढला
आणि आकडा पडला,
विहिरीत बादली सुटावी तसा.

तीन रविवार घासून बसवलेला प्लाय उचकटला.
तार जात होती मागच्या औषधांच्या कपाटात,
जिथे आता तिखट-मीठ आणि तूरडाळ.
आत एक दिवा. दार उघडलं की लागतो.
लावलं की?
तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

देवानंदचा प्रज्वल पंक्चरच्या घमेल्यापाशी होता, सातवीतला.
मान वर न करता म्हणाला,
"मोबाईल ठेवा ना आत. शूटिंग चालू करून."

ठेवला. दार लावलं. वीसपर्यंत मोजलं.
मग चार डोकी एका छोट्या पडद्यावर:
दार लागतंय,
आता अंधार होईल म्हणून आपण थांबतो,
आणि तो होत नाही.
पिवळ्या उजेडात डाळीची बरणी, हळदीचा डबा,
कोपऱ्यात न निघालेलं लेबल: सलाईन.
बाहेरून आमचेच आवाज, अठरा, एकोणीस.

बिजागरी लोंबली होती.
दार बटणापर्यंत पोचतच नव्हतं,
ज्वारीच्या दाण्याएवढं कमी.
प्रज्वलनं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून चिकटवला.
मीटरवर शून्य पॉइंट शून्य दोन.
"तेवढं राहू द्या. घड्याळाले लागते."

कुंदा कपाटापाशीच उभी.
"दवाखान्यात होती तेव्हाही असाच जळत असेल?"
देवानंद हात पुसत म्हणाला,
"तवा रोज पळत होती ना ताई.
पळत्या गाडीले काय समजते."
दोनशे रुपये घेतले. ट्यूबचे नाही.

अरुणावतीच्या धरणाकाठी तीन रात्री राहिलो.
दुसऱ्या रात्री कुंदा उठली,
कपाटाच्या फटीला डोळा लावून बसली बराच वेळ.
मी विचारलं नाही.
चौथ्या सकाळी पहिल्याच चावीला सुरू.
आम्ही इतके खूश, की चहा राहिला चुलीवर.

पहिल्या वळणावर मागून आवाज आला,
किर्र, मग थोडं थांबून किर्र.
कुंदानं वही उघडली.
"तेवीस," म्हणाली, आणि काच खाली करून
कान बाहेर काढला.